स्वतःच्या लग्नाचा स्वयंपाक : उम्मे उसैद यांच्या खजुरापासून जमातीच्या देगीपर्यंत

मदिनेत अबू उसैद साइदी नावाचे एक अन्सारी सहाबी होते. त्यांचे लग्न झाले तेव्हा त्यांनी प्रेषित मुहंमद (स.) आणि त्यांच्या सोबत्यांना जेवायला बोलावले. त्या दिवशी जेवण कोणी रांधले आणि पाहुण्यांपुढे कोणी ठेवले, हे सहल बिन साद यांनी सांगून ठेवले आहे. ते काम नव्या नवरीने, म्हणजे उम्मे उसैद यांनी केले. दुसऱ्या कोणाचाही हात त्याला लागला नव्हता. आदल्या रात्री त्यांनी दगडी भांड्यात खजूर भिजत घातले होते. जेवण उरकल्यावर त्याच खजुराचे पाणी त्यांनी प्रेषितांना प्यायला दिले.

इमाम बुखारी (८१०–८७०) यांनी ही रिवायत आपल्या संग्रहात निकाहच्या प्रकरणात घेतली आहे. लग्नात स्त्रीने स्वतः पाहुण्यांची सरबराई करणे, अशा आशयाचा वेगळा मथळाही त्यांनी तिला दिला आहे. वलीम्यावरची बयाने मी लहानपणापासून ऐकत आले, पण ही हदीस त्यांत क्वचितच कानावर पडली. एक बकरी का होईना, वलीमा करा, ही हदीस मात्र प्रत्येक बयानात असते.

यंदा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळे मी ती पुन्हा काढून वाचली. ती आणि तिचा होणारा नवरा, दोघेही नोकरी करतात. ७० माणसांना बोलवायचे आणि चार मैत्रिणी-मित्रांना हाताशी धरून जेवण स्वतःच करायचे, असे दोघांनी ठरवले. घरात वादळ उठले. तिच्या अब्बांनी ६०० माणसांची यादी तयार ठेवली होती आणि त्यासाठी कर्जाची बोलणीही केली होती. त्यांचे म्हणणे एकच, “लोक म्हणतील, पोरीच्या लग्नाला आचारी लावायलाही याच्याकडे पैसे नव्हते.” तिने मला विचारले, “आपा, आपल्याकडे असं कधी झालंय का?”

झाले आहे, आणि अगदी सुरुवातीलाच झाले आहे. म्हणून हा लेख.

मदिनेतल्या वलीम्यांच्या नोंदी वाचताना पहिली गोष्ट लक्षात येते ती अशी, की पानात काय होते हे घरात काय होते त्यावर ठरायचे. अब्दुर्रहमान बिन औफ मक्केहून रिकाम्या हाताने आले. त्यांना भाऊ मानलेल्या साद बिन रबी यांनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी ती घेतली नाही, फक्त बाजाराची वाट विचारली. तूप आणि सुके पनीर विकत विकत ते सावरले. मग एका अन्सारी स्त्रीशी लग्न केले आणि खजुराच्या बीएवढे सोने मेहर दिला. एका बकरीचा वलीमा करायला प्रेषितांनी सांगितले ते त्यांना. म्हणजे ही सूचना नुकत्याच पायावर उभ्या राहिलेल्या व्यापाऱ्याला होती. तिचा अर्थ “किमान एवढे तरी हवेच” असा घेतला, तर दुसऱ्या नोंदीचे काय करायचे? प्रेषितांनी आपल्या एका लग्नाचा वलीमा दोन मुद जवावर केल्याची रिवायतही बुखारीतच आहे. एक मुद म्हणजे साधारण एक भरलेली ओंजळ. दोन ओंजळी जव, आणि वलीमा झाला.

हजरत सफिया (र.) यांच्याशी लग्न झाले ते हिजरी ७ मध्ये, म्हणजे इ.स. ६२८ च्या सुमारास, खैबरहून मदिनेला परतताना. वाटेतला मुक्काम. रोटी नाही, गोश्त नाही. चामड्याचे दस्तरखान अंथरले गेले आणि ज्याच्याकडे जे शिल्लक होते ते त्याने आणून टाकले. कोणी खजूर, कोणी पनीर, कोणी तूप. ते सगळे एकत्र कालवले, त्याला हैस म्हणतात. तोच वलीमा. हजरत जैनब (र.) यांच्या वलीम्याला एक बकरी आणि रोटी होती. अनस बिन मालिक सांगतात, की प्रेषितांनी आपल्या कुठल्याच लग्नात याहून मोठा वलीमा केला नाही. त्याच लग्नात अनस यांच्या आई उम्मे सुलैम यांनी आपल्या घरी हैस करून मुलाच्या हाती पाठवला होता.

या चार-पाच नोंदी एकत्र ठेवल्या की चित्र स्पष्ट होते. कुठे नवरीने रांधले, कुठे शेजारणीने पाठवले, कुठे पाहुण्यांनीच आणले. जेवण देण्याची जबाबदारी नवऱ्याकडची; नवरीच्या बापाने शेकडोंची पंगत उठवावी असे यांतल्या एकाही नोंदीत नाही. आणि ज्या वलीम्याला श्रीमंतांना बोलावले जाते व गरिबांना वगळले जाते, त्याचे अन्न सर्वांत वाईट, असा इशारा अबू हुरैरा (र.) यांच्या रिवायतीत आहे.

इथे एक सावधगिरी हवी. उम्मे उसैद यांची हदीस हाती लागली की काही मंडळी लगेच म्हणतील, बघा, बाईची जागा चुलीपाशीच. ही नोंद तसे सांगत नाही. स्वयंपाक हे बायकोचे कायदेशीर कर्तव्य आहे का, यावर फुकहांमध्ये जुना मतभेद आहे. शाफई आणि हंबली पंथांच्या अनेक फुकहांनी ते बंधनकारक मानलेले नाही. उम्मे उसैद यांनी जे केले त्यातून एवढेच कळते, की नवरीने आपल्या लग्नात हात चालवणे आणि पाहुण्यांसमोर वावरणे ही त्या समाजात लाजेची बाब नव्हती. हाच धडा नवऱ्या मुलालाही लागू आहे. कांदा चिरायला मेहर लागत नाही.

मग ही लाज आली कुठून? ती आली दरबारातून.

उम्मे उसैद यांच्यानंतर साधारण दोनशे वर्षांनी, इ.स. ८२५ मध्ये, अब्बासी खलिफा मामून आणि बूरान यांचे लग्न वासितजवळ फम-उस-सिल्ह इथे लागले. मेजवानी नवरीच्या बापाने, हसन बिन सहल यांनी दिली. पाहुण्यांवर कस्तुरीच्या गोळ्या उधळल्या गेल्या. गोळीत चिठ्ठी होती आणि चिठ्ठीत जमिनीचे किंवा गुलामाचे नाव. ज्याला जी गोळी मिळाली त्याची ती मालमत्ता. पुढच्या अरबी इतिहासकारांनी या लग्नाची वर्णने पुनःपुन्हा केली. दोन ओंजळी जवाचा वलीमा मात्र हदीसच्या पानातच राहिला. आपल्याकडे १६३३ मध्ये आग्र्यात दारा शुकोह आणि नादिरा बानू यांचे लग्न झाले. त्यावर ३२ लाख रुपये खर्च झाल्याचे सांगतात. त्यातला निम्मा वाटा बहीण जहाँआरा हिने उचलला होता. बादशहाची मुले स्वतःच्या लग्नात चुलीपाशी बसणार नव्हतीच. पण बादशहाचे पाहून जहागीरदाराने, जहागीरदाराचे पाहून पाटलाने आणि पाटलाचे पाहून आपण लग्ने करू लागलो.

दख्खनमध्ये या दोन्ही परंपरा शेजारी शेजारी नांदल्या. औरंगाबादचा नान-खलिया १३२७ मध्ये मुहंमद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा फौजेबरोबर आला, असे लोक सांगतात. फौजेचे असो वा नसो, ते जेवण घरगुती नव्हे. नान भट्टीतला आणि खलिया देगीतला. तो करणारा भटारी पिढीजात कारागीर. त्याच्या हाताला मान आहे आणि तो असायलाच हवा. हा लेख त्याच्या पोटावर पाय देण्यासाठी नाही.

दुसरी परंपरा जात्याची. विजापूरच्या सूफींशी जोडलेली चक्कीनामे दख्खनीत आहेत. दळणाऱ्या बाईच्या तोंडी बसेल अशी ही रचना. जात्याच्या खुंट्याला अलिफ म्हणायचे आणि दळता दळता अल्लाहचे नाव घ्यायचे. रिचर्ड ईटन यांनी १९७८ च्या आपल्या विजापूरच्या सूफींवरील ग्रंथात या गीतांचे महत्त्व दाखवून दिले. आपल्या गावच्या लग्नांतले काम याच हातांचे होते. आठवडाभर आधी मोहल्ल्यातल्या बायका परात घेऊन तांदूळ निवडायला बसत. मसाला कुटला जाई, लसूण सोलला जाई, आणि गाणी चालत. भटारी यायचा तो शेवटच्या दिवशी, देग चढवायला. शाकाहारी शेजाऱ्यांसाठी वेगळी चूल आणि वेगळे पातेले, तिथे बहुधा शेजारचाच एखादा काका उभा. देग, परात, झारे जमातीचे. लग्नघरी न्यायचे, घासून परत करायचे.

नवरी मात्र या कामातून हळूहळू बाजूला झाली. जाफर शरीफ यांच्या ‘कानून-ए-इस्लाम’मध्ये (डॉ. हर्कलॉट्स यांनी केलेले इंग्रजी भाषांतर, १८३२) दख्खनी मुसलमानांची हळद, मेहंदी, साचक असे एकेक विधी तपशिलात येतात. ते वाचताना जाणवते, की नवरी एव्हाना सजवून बसवायची व्यक्ती झाली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मौलाना अशरफ अली थानवी यांनी ‘बहिश्ती जेवर’मध्ये लग्नातल्या रसमांवर आणि कर्ज काढून होणाऱ्या खर्चावर कडक टीका केली. गंमत म्हणजे त्याच ग्रंथात पुढे स्वयंपाकाच्या कृतीही आहेत. कित्येक घरांत मुलीला लग्नात हे पुस्तक भेट दिले गेले. पुस्तक कपाटात राहिले आणि कर्जाची वही उघडीच राहिली.

आता तर भटारीही मागे पडला. मंगल कार्यालय आणि कॅटरर आले, ताटाचा भाव ठरला. तांदूळ निवडायला कोणी बसत नाही, त्यामुळे मोहल्ल्याला लग्नाची चाहूल पत्रिकेतूनच लागते. आणि निकाहच्या दिवशीचे मोठे जेवण, ज्याला मदिनेतल्या नोंदींत आधार नाही, ते नवरीच्या बापाच्या डोक्यावर पक्के बसले आहे.

हे बदलता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी २०२० आणि २०२१ आठवावे. मे २०२० मध्ये सरकारने लग्नाला ५० माणसांची मर्यादा घातली. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात ती २५ वर आणि सोहळा दोन तासांवर आला. त्या काळात किती निकाह घराच्या अंगणात झाले आणि किती बिर्याण्या घरच्या गॅसवर शिजल्या! त्या लग्नांना आज कोणी अपुरे म्हणत नाही. सरकारी हुकमाने जे चालले, ते स्वखुशीने का चालू नये?

माझ्या विद्यार्थिनीला मी हेच सांगितले, की प्रश्न रांधायचे की नाही हा नंतरचा. आधी माणसे किती ते ठरव. माणशी १०० ग्रॅम तांदूळ धरला तर ७० माणसांना ७ किलो लागतो. दोन-तीन मोठ्या पातेल्यांत तो घरच्या हातांना झेपतो. ६०० माणसांना ६० किलो. तिथे देग, भटारी, मांडव, वाढपी सगळेच आले, आणि त्यांच्या मागे कर्ज. ६०० माणसांचे स्वतः रांधायला जाऊ नये. तो हट्ट ठरेल.

७० असतील तर वलीम्याचे जेवण करावे, निकाहच्या दिवशीचे नको. मेहंदीच्या हातांना एक दिवस तरी उसंत मिळते. दम द्यायला एखादे अनुभवी भटारी चाचा मजुरी देऊन बोलवावेत. सत्तर माणसांची बिर्याणी हा पहिल्या प्रयोगाचा पदार्थ नव्हे. उम्मे उसैद यांच्याकडून एक शहाणपण जसेच्या तसे घ्यावे, ते म्हणजे आदल्या रात्रीचे काम. खजूर, डाळ भिजत घालणे, कांदा तळून ठेवणे, मसाला वाटणे, भांडी मोजून घेणे हे रात्री उरकावे. मटण मात्र सकाळीच शिजवावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात शिजवलेले मटण रात्रभर ठेवणे धोक्याचे. वाढायच्या वेळी नवरा-नवरीने तासभर तरी पाहुण्यांत असावे. आणि पहिली चार ताटे गल्लीतल्या त्या घरांत जावीत, जिथे पत्रिका जात नाही.

तिच्या अब्बांचा मुद्दा मी हलका मानत नाही. लोक बोलतील, हे खरे आहे. ज्या बापाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नात जेवून आहेर केला, त्याला ते परत करायचे असते. ६०० च्या यादीत तीस वर्षांची देणीघेणी असतात. त्यांना हदीस ऐकवून गप्प बसवणे बरोबर नाही. त्यांच्याशी बसून यादी वाचावी. कोणाला जेवायला बोलवायचे, कोणाच्या घरी नंतर सलाम करायला जायचे, कोणाला मिठाई पाठवायची, अशी तिची तीन भागांत विभागणी करावी. बापाचा मान राखून कर्ज टळते का, ते तिथे कळेल.

वाचकांना एक विनंती. बऱ्याच गावांत जमातीच्या देगी, पराती मशिदीच्या मागच्या खोलीत धूळ खात पडल्या आहेत, कारण कार्यालयवाला स्वतःची भांडी आणतो. पुढच्या जुम्म्याला मुतवल्लींना विचारा, किती आहेत, किती कल्हईला आल्या आहेत. कल्हईचा खर्च वर्गणीतून होईल. मग एखादे जोडपे उद्या आपल्या लग्नाचे जेवण स्वतः करायचे म्हणाले, तर निदान पातेले कुठून आणायचे हा प्रश्न त्यांना पडणार नाही.