कबड्डी लिलाव: चढाईपटू घ्यावा की बचावपटू?

प्रो कबड्डीचा लिलाव जवळ आला की जव्हार-मोखाड्यापासून पुण्यापर्यंत चाहत्यांचा एकच वाद रंगतो. पैसा मोठ्या चढाईपटूवर लावावा की भक्कम बचावपटूवर?

चढाईपटू एका चढाईत अनेक गुण आणू शकतो. बचावपटूला यशस्वी पकडीचा साधारण एकच गुण मिळतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना केलेल्या सुपर टॅकलचे दोन. म्हणून सर्वाधिक बोली बहुधा चढाईपटूवर लागते.

ऑक्टोबर 2023 च्या लिलावात प्रत्येक संघाची एकूण खर्चमर्यादा 5 कोटी रुपये होती. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी त्यातले 2 कोटी 60 लाख 50 हजार मोजले. पवनने 200 हून अधिक गुण मिळवले, तरी 22 पैकी दोनच सामने जिंकून संघ तळाला राहिला.

पुणेरी पलटणकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते हे चढाईपटू आधीच होते. त्यांनी डाव्या कोपऱ्यासाठी इराणचा मोहम्मदरझा शादलू 2 कोटी 35 लाखांना घेतला. तो हंगामातला सर्वाधिक पकडी गुण मिळवणारा बचावपटू ठरला. 1 मार्च 2024 ला पुण्याने हरियाणा स्टीलर्सला 28-25 ने हरवून पहिले विजेतेपद मिळवले. पुढच्या हंगामात शादलू हरियाणाकडे गेला आणि विजेतेपदही हरियाणाने पटकावले.

म्हणजे चढाईपटू कमी मोलाचा असे नाही. बोली लावण्याआधी खेळाडूच्या नावापेक्षा आपल्या संघातली उणीव पाहावी लागते.