कपात कोणाची, भार कोणावर

6 जानेवारी 2024 रोजी ब्रिटनमध्ये नोकरदारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या नॅशनल इन्शुरन्सचा मुख्य दर 12 टक्क्यांवरून 10 वर आला आणि तीनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, 8 वर. वर्षाला 30,000 पौंड पगार असलेल्याचे त्यामुळे सुमारे 697 पौंड वाचू लागले, 16,000 वाल्याचे 137. पगार 50,270 च्या वर कितीही असो, बचत 1,508 वर थांबली; त्यापुढच्या कमाईवर आधीपासूनच फक्त 2 टक्के कापले जात होते. पेन्शनवर जगणाऱ्या आजोबांना मात्र छदामही मिळाला नाही. निवृत्तिवय उलटले की हा हप्ता भरावाच लागत नाही, मग त्यातली सूट कुठली?

त्याच काळात प्राप्तिकराची करमुक्त मर्यादा 12,570 पौंडांवर गोठलेली होती. एप्रिल 2021 पासून ती जागची हललेली नाही आणि नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पाने ही गोठवणूक 2031 पर्यंत लांबवली. म्हणजे सरकारने एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने घेतले. पण दोन्ही हात एकाच माणसाच्या खिशात गेले नाहीत. हा विषय इथून सुरू होतो. ‘कर वाढला की घटला’ हा प्रश्न सभेपुरता ठीक आहे. अभ्यासकाने विचारायचे ते असे: कोणाचा, किती, आणि कशाच्या तुलनेत?

एकाच पगारावर दोन कर का, हे नव्या वाचकाला आधी खटकते. उत्तर इतिहासात आहे. प्राप्तिकर 1799 मध्ये पंतप्रधान धाकट्या पिटने फ्रान्सविरुद्धच्या युद्धासाठी आणला. मध्यंतरी तो दोनदा रद्द झाला आणि 1842 मध्ये पंतप्रधान पीलने परत आणला, तोही तात्पुरता म्हणून. कागदोपत्री तो आजही दर वर्षी संसदेकडून नव्याने मंजूर करून घ्यावा लागतो. नॅशनल इन्शुरन्सचे कुळ वेगळे. अर्थमंत्री लॉइड जॉर्जच्या 1911 च्या कायद्यात पुरुष कामगाराने आठवड्याला चार पेन्स, मालकाने तीन आणि सरकारने दोन घालायचे, बदल्यात आजारपणात आधार मिळायचा. हप्ता भरल्याची तिकिटे कार्डावर चिकटवली जात. सामाजिक सुरक्षेवरच्या बेव्हरिज अहवालानंतर 1948 मध्ये त्याची देशव्यापी योजना झाली. आजही त्याला विमा म्हणतात, पण भरणाऱ्याच्या नावाची रक्कम कुठे साठत नाही. आज भरलेला पैसा आजच्याच पेन्शनरांना जातो. तरीही विम्याची एक अट टिकून आहे: दहा वर्षांच्या नोंदी नसतील तर सरकारी पेन्शन मिळत नाही. पुण्याहून दोन-तीन वर्षांसाठी कंपनीने पाठवलेल्या इंजिनियराची तक्रार हीच असते की पहिले 52 आठवडे सोडले तर हप्ता कापला जातो आणि परतताना पदरात काही पडत नाही. 2025 मध्ये भारत-ब्रिटन व्यापार कराराबरोबर ही सूट तीन वर्षांवर नेण्याचे ठरले ते त्यामुळेच.

दोन्ही करांच्या सवयी वेगळ्या आहेत, आणि या विषयातली खरी गंमत या सवयींतच आहे. प्राप्तिकर वर्षभराची सगळी कमाई एकत्र पाहतो. नॅशनल इन्शुरन्स पाहतो फक्त कामाची कमाई, आणि तीही प्रत्येक नोकरीची वेगळी, प्रत्येक पगारवाटपाला वेगळी. एका बाईला एका शाळेच्या स्वयंपाकघरात वर्षाला 10,000 मिळतात आणि संध्याकाळी एका कार्यालयाच्या साफसफाईचे आणखी 10,000. तिला प्राप्तिकर 1,486 पौंड बसतो, नॅशनल इन्शुरन्स शून्य, कारण दोन्ही नोकऱ्या आपापल्या मर्यादेच्या खाली आहेत. तिच्या शेजारणीला एकाच नोकरीत 20,000 मिळतात. प्राप्तिकर तेवढाच, वर नॅशनल इन्शुरन्सचे 594 पौंड. आणि तेवढेच 20,000 कोणाला घरभाड्यातून सुटत असतील तर त्यालाही नॅशनल इन्शुरन्स नाही. घाम गाळून कमावलेल्या पौंडावर जास्त आणि बसून मिळालेल्या पौंडावर कमी, ही रचना कोणी एका बैठकीत ठरवलेली नाही. ती साचत गेली आहे. जेम्स मिर्लीस यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 2011 मध्ये दोन्ही कर एकत्र करण्याची शिफारस केली. तर्काला ती पटते. पण एकत्र केले की पेन्शनर आणि घरमालक यांच्यावर नवा भार येतो, आणि मतदान करायला पेन्शनर चुकत नाहीत.

आता त्या गोठलेल्या मर्यादेकडे. दर वाढवला की मथळे होतात. मर्यादा जागेवर ठेवली की काहीच घडल्यासारखे दिसत नाही. 1977 मध्ये जेफ रूकर आणि ऑड्री वाइज या मजूर पक्षाच्याच दोन खासदारांनी स्वपक्षाच्या सरकारला न जुमानता एक दुरुस्ती मंजूर करून घेतली: संसद वेगळे ठरवत नाही तोवर करमुक्त मर्यादा महागाईबरोबर वाढलीच पाहिजे. गोठवणाऱ्या सरकारला आता निदान तसे जाहीर करावे लागते, एवढे श्रेय त्या दोघांचे. परिणाम मात्र टळत नाही. 12,000 कमावणाऱ्याचा पगार दहा टक्क्यांनी वाढून 13,200 झाला की जो एक पैसाही भरत नव्हता तो 126 पौंड प्राप्तिकर आणि 50 पौंड नॅशनल इन्शुरन्स भरू लागतो. वाढ महागाईनेच खाल्लेली असली तरीही. एप्रिल 2026 पासून पूर्ण नवी सरकारी पेन्शन आठवड्याला 241.30 पौंड, म्हणजे वर्षाला 12,547.60. मर्यादेला टेकायला बावीस पौंड उरले.

वरच्या टोकाला वेगळेच चित्र आहे. कमावलेल्या शेवटच्या पौंडातून दोन्ही कर मिळून किती जाते ते पाहा: 12,570 च्या पुढे 28 टक्के, 50,270 च्या पुढे 42. एक लाखाच्या पुढे करमुक्त मर्यादाच दर दोन पौंडांमागे एक पौंड आटत जाते, म्हणून 62. आणि 1,25,140 ओलांडले की परत 47. ही विचित्र घाटी 2010 पासूनची आहे. वाढलेल्या हजार पौंडांतले 380 हातात येतात, म्हणून रुग्णालयातला वरिष्ठ डॉक्टर जादा पाळी घेण्याआधी विचार करतो. त्यांत आपले मराठी डॉक्टरही आले. पण त्यांच्याबद्दल जेवढे लिहिले जाते त्याच्या निम्मेही युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी सरकारी मदत, घेणाऱ्यांबद्दल लिहिले जात नाही. तिथे हाती आलेला पगार वाढला की मदत पौंडामागे 55 पेन्सने घटते. त्यामुळे नॅशनल इन्शुरन्समध्ये शंभर पौंडांची सूट मिळाली तरी अशा घरात 45 च राहतात. स्कॉटलंडचे प्राप्तिकराचे टप्पे आणखी वेगळे. त्यांना स्वतंत्र प्रकरणच हवे.

सगळ्यांत कठीण भाग शेवटी ठेवला आहे, तो म्हणजे नॅशनल इन्शुरन्समधला मालकाचा हप्ता. एप्रिल 2025 मध्ये तो 13.8 वरून 15 टक्के झाला आणि सुरू होण्याची पातळी 9,100 वरून 5,000 वर उतरली. 30,000 च्या नोकरीमागे मालकाचा खर्च 866 पौंडांनी वाढला, 9,000 च्या अर्धवेळ नोकरीमागे 600 ने. टक्केवारीत पाहिले तर अर्धवेळ नोकरीवरचा बोजा दुपटीहून जास्त. लहान मालकांना सवलतीने सांभाळले आहे, मोठ्या साखळी दुकानांना नाही. चेक मालक लिहितो, पण भार कोणाचा? पुढच्या वर्षी न झालेली पगारवाढ, न भरलेली जागा, बिलात वाढलेले दोन पौंड, की घटलेला नफा? या प्रश्नाचा पाया घालणाऱ्यांत एडविन सेलिग्मन होते. करभाराच्या सरकण्यावरचा त्यांचा ग्रंथ 1892 चा. कोलंबिया विद्यापीठात ते बाबासाहेब आंबेडकरांचे गुरू होते आणि ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरच्या बाबासाहेबांच्या 1925 च्या ग्रंथाला प्रास्ताविकही त्यांचेच. मराठी वाचक या विषयात परका नाही, तो असा.

वाचायला बसताना कोणाची तरी ब्रिटिश पे-स्लिप मिळाली तर शेजारी ठेवावी. प्राप्तिकर आणि नॅशनल इन्शुरन्स यांच्या ओळी लगेच सापडतील. मालकाच्या हप्त्याची ओळ बऱ्याच पे-स्लिपांवर छापलेलीच नसते. ती रक्कम स्वतः काढून समासात लिहावी आणि मगच पुढे वाचावे.