टोंगळ्यात टोचल्या जाणाऱ्या मूळपेशींची कुळकथा

वाशिम जिल्ह्यात सोयाबीनचे निंदण उकिडवे बसून होते आणि सोंगणी वाकून. वर्षानुवर्षे उकिडवे बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज अधिक होते, हे वैद्यकाने केव्हाच मान्य केले आहे. वऱ्हाडात गुडघ्याला टोंगळा म्हणतात, आणि पन्नाशीच्या बाईचे टोंगळे धरले की शेत, स्वयंपाक, पोहरादेवीची यात्रा सगळेच अडते. यावर आधी बिब्बा होता, एरंडाचे पान होते; मग वेदनाशामक गोळ्या आल्या, गुडघ्यातले पाणी काढणे आले, स्टेरॉइडचे इंजेक्शन आले. आता मोठ्या शहरांतून स्टेम सेलचे, म्हणजे मूळपेशींचे नाव ऐकू येते. आपल्याच हाडातला मगज काढून गुडघ्यात सोडायचा, झिजलेली गादी पुन्हा भरून येते आणि ऑपरेशन टळते, असे सांगितले जाते. या उपचाराचे कूळ मागे मागे शोधत गेले की एक गोष्ट स्पष्ट होते. गादी भरून येण्याचे आश्वासन त्याला एका पूर्वजाकडून मिळाले आहे, प्रतिष्ठा दुसऱ्याकडून, आणि थोडा आराम पडण्याचा पुरावा तिसऱ्याकडून. तिन्ही एकाच घरची म्हणून विकली जातात, आणि माझी हरकत तिथेच आहे.

आश्वासनाचा पूर्वज सर्वांत जुना. लंडनमध्ये विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे सांध्यातील कूर्चेवरचा, म्हणजे याच गादीवरचा, निबंध मांडला. एकदा नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही, हे त्याने तेव्हाच नोंदवले. कारण पुढे कळत गेले: या ऊतीत रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे जखम भरणारी सामग्री तिथवर पोचतच नाही. मग शल्यचिकित्सकांनी ती सामग्री खालून आणायचे ठरवले. ब्रिस्टलच्या केनेथ प्रिडी यांनी १९५९ मध्ये झिजलेल्या कूर्चेखालच्या हाडाला भोके पाडण्याची पद्धत मांडली, म्हणजे हाडातला मगज वर झिरपेल आणि खड्डा भरेल. अमेरिकेत रिचर्ड स्टेडमन यांनी १९८०च्या दशकात हीच कल्पना बारीक छिद्रांची करून रूढ केली. खड्डा भरतोही, पण बव्हंशी तंतुमय कूर्चेने. ती मूळच्या गुळगुळीत, दाब सोसणाऱ्या कूर्चेइतकी टिकत नाही. १९९४ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधून आणखी एक पाऊल पडले. २३ रुग्णांच्या गुडघ्यातून थोडी कूर्चा काढून तिच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि खड्ड्यात परत बसवल्या. मुंबईच्या रीजेनेरेटिव्ह मेडिकल सर्व्हिसेस या कंपनीच्या अशाच जातीच्या उत्पादनाला २०१७ मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांनी मंजुरी दिली. पण हा इलाज खेळताना किंवा अपघातात पडलेल्या, भोवतीची कूर्चा शाबूत असलेल्या खड्ड्यासाठी आहे. तीस वर्षांच्या निंदणाने सगळा गुडघाच झिजला, तर पेशी बसवायला काठ उरत नाही.

प्रतिष्ठेचा पूर्वज रक्ताच्या घराण्यातला. अमेरिकेत डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये किरणोत्सर्ग आणि केमोथेरपी दिलेल्या सहा रुग्णांना दुसऱ्याची अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला मगज, शिरेतून दिली. सहाही जण दगावले, आणि थॉमस यांनी ते जसेच्या तसे छापले. टोरांटोच्या टिल आणि मॅककलक यांनी १९६१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की मज्जेतली एकेक पेशी रक्तपेशींची अख्खी वसाहत उभी करू शकते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या चमूने १९८३ मध्ये भारतातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. ल्युकेमियाचे रुग्ण यातून खरोखर वाचतात, म्हणून ‘बोनमॅरो’ आणि ‘स्टेम सेल’ या शब्दांना जनमानसात वजन आले. मात्र रक्त घडवणारी पेशी कूर्चा घडवत नाही. गुडघ्याच्या इंजेक्शनला या यशातून मिळाले ते फक्त नाव.

तिसरी शाखा मॉस्कोची. अलेक्झांडर फ्रीडनश्टाइन यांनी १९६०च्या दशकात दाखवले की मज्जेत रक्तपेशींखेरीज आणखी एक जात आहे, काचेला चिकटून वाढणारी आणि प्राण्याच्या शरीरात परत रोवल्यावर हाड तयार करणारी. १९९१ मध्ये क्लीव्हलंडच्या अर्नोल्ड कॅप्लन यांनी या पेशींना ‘मेसेंकायमल स्टेम सेल’ म्हटले, आणि १९९९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांच्यापासून हाड, कूर्चा आणि चरबी घडवून दाखवणारा शोधनिबंध आला. हे घडले होते काचेच्या भांड्यात, ठरावीक रसायने देऊन. सांध्यात सोडल्यावर मात्र बहुतेक पेशी काही दिवस-आठवड्यांत नाहीशा होतात असे दिसू लागले. जाण्यापूर्वी त्या काही द्रव्ये स्रवतात आणि दाह शमवतात. नव्या गादीच्या विटा त्या होत नाहीत. म्हणूनच २०१७ मध्ये स्वतः कॅप्लन यांनी आपण दिलेले नाव बदलण्याची जाहीर मागणी केली. नावातल्या ‘स्टेम’मुळे दवाखाने लोकांना नव्या अवयवाची आशा विकत आहेत, अशी त्यांची तक्रार होती. नामकरण करणाऱ्यानेच एवढे म्हटल्यावर ‘गादी भरून येते’ हे वाक्य कुणाच्या आधारावर बोलले जाते, ते विचारले पाहिजे.

आराम पडतो का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर सरळ ‘नाही’ असे नाही. बंगळुरूच्या स्टेमप्यूटिक्सने निरोगी दात्यांच्या मज्जेतून पेशी वाढवून एक औषध तयार केले. १४६ रुग्णांवरच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत अडीच कोटी पेशींचे एक इंजेक्शन वंगणासारख्या हायलुरॉनिक आम्लाच्या जोडीने दिले गेले, आणि वर्षभराने या गटाच्या वेदना नुसते हायलुरॉनिक आम्ल घेणाऱ्यांपेक्षा कमी होत्या. २०२२ मध्ये मुंबईच्या अल्केम कंपनीने ते बाजारात आणले. मंजुरी एक्स-रेवरून ठरणाऱ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या झिजेसाठी आहे. हाडाला हाड लागलेल्या चौथ्या श्रेणीसाठी नाही, आणि ऑपरेशन टाळायला सर्वांत आतुर असतो तो याच श्रेणीतला रुग्ण. २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये त्याहून मोठी अमेरिकन चाचणी प्रसिद्ध झाली. सुमारे पावणेपाचशे रुग्णांत मज्जा, चरबी आणि नाळेपासूनच्या पेशींची तुलना साध्या स्टेरॉइड इंजेक्शनशी केली होती. वर्षाअखेर पेशींचा एकही प्रकार सरस ठरला नाही. दोन चाचण्यांत मला विरोध दिसत नाही. पेशी वेगळ्या होत्या आणि तुलनाही वेगळी होती. दोन्हींतून एवढेच निघते की हे वेदनेवरचे इंजेक्शन आहे आणि त्याचे मोल बाकीच्या इंजेक्शनांशेजारी ठेवून करायचे आहे.

यावर पहिला आक्षेप रुग्णांचा येतो: आम्हाला फरक पडला, मग पुरावा आणखी कसला? त्यांचा अनुभव खोटा नाही. पण गुडघ्याचे दुखणे चढते-उतरते असते, माणूस इंजेक्शन घेतो ते दुखणे शिगेला पोचल्यावर, आणि चाचण्यांत नुसते मिठाचे पाणी टोचलेल्यांनाही बराच आराम पडलेला आहे. दुसरा आक्षेप असा की आपल्याच शरीरातले आपल्यालाच दिले तर अपाय काय? फ्लोरिडातील एका दवाखान्यात तीन स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या गेल्या आणि तिघींची दृष्टी गेली किंवा जाण्याच्या बेताला आली. हे प्रकरण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गुडघा डोळ्याइतका नाजूक नाही, पण सांध्यात जंतू शिरले तर तेही साधे दुखणे राहत नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: मज्जा-प्रत्यारोपणही एके काळी सिद्ध नव्हते, धाडस केले म्हणूनच ते पुढे गेले. खरे आहे. पण थॉमस यांनी सहा मृत्यू लपवले नाहीत, त्यांच्यावरूनच पुढची पद्धत सुधारली. आज पैसे घेऊन टोचलेले किती गुडघे वर्षानंतर कुणी मोजून, लिहून ठेवतो?

इथे नियमांतली फट कामाला येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचे प्रत्यारोपण सोडून मूळपेशींचा कोणताही वापर हे संशोधन आहे, नेहमीचा इलाज नव्हे. २०१९च्या औषध चाचणी नियमांनी भरपूर प्रक्रिया केलेल्या पेशींना नवे औषध ठरवून मंजुरीची अट घातली. पण मज्जा काढली, यंत्रात फिरवली आणि त्याच बैठकीत टोचली, तर ती प्रक्रिया किरकोळ गणली जाते आणि औषधाच्या व्याख्येत बसत नाही. दहा हजार ते एक लाख मज्जापेशींमागे कॅप्लन यांनी नाव दिलेली पेशी जेमतेम एक असते. म्हणजे ज्या रूपाला सर्वांत कमी तपासणी, त्यातच ती पेशी सर्वांत थोडी, आणि वर जाहिरातीत आधार मात्र कोट्यवधी पेशी वाढवून केलेल्या चाचणीचा.

ज्याला उद्या शेतात जायचे आहे त्याने पुरावा येईपर्यंत थांबायचे का, असे कुणी विचारेल. थांबायची गरज नाही. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन कमी करणे यांचा उपयोग चाचण्यांत वारंवार दिसला आहे; चौथ्या श्रेणीत सांधा बदलणे हा पारखलेला इलाज आहे. अडचण अशी की व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट गावात नसतो आणि त्याची जाहिरातही कुणी करत नाही. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशिम आहे. तिथल्या अस्थिरोग विभागाने रिसोड, मालेगाव, मानोरा, मंगरूळपीर, कारंजा इथून येणाऱ्या प्रत्येक गुडघ्याची एक्स-रेवरची श्रेणी, कुठेही घेतलेले इंजेक्शन, त्याचा खर्च आणि बारा महिन्यांनंतरची चाल एवढ्या चार गोष्टी एका वहीत लिहायला सुरुवात करावी. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.