आपल्या लीगचा लांबलेला हंगाम (२०१९-२०)

स्मरणिका समितीची मुलं घरी आली तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. पंचवीस वर्षांचा इतिहास लिहायचा तर पाण्याच्या टाकीचा लिहा, लिफ्टचा लिहा, गणपतीचा लिहा. पण ते सगळे विषय आधीच वाटले गेले होते. "काकू, तुम्ही लीगवर लिहा. वही तुमच्याकडे आहे." वही आहे हे खरं. बँकेत एकतीस वर्षं खतावण्या लिहिल्या, त्यामुळे दोनशे पानी वहीत तारीखवार नोंद केल्याशिवाय मला चैन पडत नाही. पुढचा सगळा मजकूर त्या वहीवरून आणि ग्रुपवरच्या जुन्या मेसेजवरून लिहिला आहे.

ज्यांना हा खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. फँटसी फुटबॉल म्हणजे कागदावरचा संघ. खेळतात खरे खेळाडू, त्यांच्या खऱ्या कामगिरीवर आपल्याला गुण मिळतात. ही कल्पना अमेरिकेतली. १९६२ साली ओकलंडच्या बिल विंकेनबाख नावाच्या गृहस्थांनी दोस्तांबरोबर न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून त्याचे नियम लिहिले, तेही तिकडच्या, हातात चेंडू घेऊन पळायच्या फुटबॉलसाठी. इंग्लंडमध्ये आपल्या ओळखीच्या फुटबॉलची फँटसी लीग १९९१ मध्ये अँड्र्यू वेनस्टीन यांनी सुरू केली. इंग्लिश प्रीमियर लीगचा स्वतःचा अधिकृत खेळ आला तो २००२-०३ च्या हंगामापासून, आणि तोच आपली मुलं खेळतात. खेळायला पैसे पडत नाहीत. तुम्हाला १०० मिलियन पौंडांचं खोटं बजेट मिळतं. त्यात १५ खेळाडू घ्यायचे, एका क्लबचे तीनपेक्षा जास्त नाहीत. दर आठवड्याला ११ उतरवायचे, एकाला कॅप्टन करायचं, त्याचे गुण दुप्पट. आठवड्याला एक बदल फुकट, त्यावर प्रत्येक बदलाला चार गुण वजा. आणि सगळं डेडलाइनच्या आत. डेडलाइन चुकली की चुकली, तिथे विलंब शुल्क भरून चालत नाही.

आपल्या सोसायटीची लीग माझ्या मुलाने आणि बी विंगमधल्या दोघांनी सुरू केली होती. प्रत्येकी दोनशे रुपये वर्गणी, शेवटी जिंकणाऱ्याला बक्षीस. सप्टेंबर २०१९ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ऐनवेळच्या विषयात एका ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतली: "क्लब हाऊसमध्ये पोरं पैसे गोळा करतात. हा जुगार आहे." बराच वाद झाला. अध्यक्षांनी शेवटी तोडगा काढला की पैसे एखाद्या मोठ्या माणसाकडे राहावेत आणि हिशेब लेखी असावा. मुलगा त्याच आठवड्यात एमएस्सीसाठी इंग्लंडला, शेफील्डला निघाला होता. जाताना पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाला, "आई, तू खजिनदार. आणि तूही टीम लाव. नाहीतर आपण फोनवर बोलणार काय? जेवलास का, झोपलास का?"

मी ऑक्टोबरात टीम लावली. हंगाम ९ ऑगस्टला सुरू झाला होता, त्यामुळे तक्त्यात मी पहिल्या दिवसापासून तळाला. मुलाने पहिला खेळाडू सुचवला तो त्याच्या नव्या गावचा, शेफील्ड युनायटेडचा जॉन लंडस्ट्रम. क्लब त्याच वर्षी वरच्या श्रेणीत आलेला. हंगामाच्या सुरुवातीला याची किंमत फक्त ४ मिलियन. "आई, यादीत तो डिफेंडर आहे, पण खेळतो मिडफिल्डला. डिफेंडरने गोल केला तर सहा गुण. संघावर गोल झाला नाही तर आणखी चार. घेऊन टाक." मला हे लगेच कळलं. बँकेत याला चुकीच्या शीर्षाखाली टाकलेली नोंद म्हणतात, फक्त इथे ती आपल्या फायद्याची होती. २ नोव्हेंबरला बर्नलीविरुद्ध त्याने दोन गोल केले आणि संघ ३-० ने जिंकला. त्या रात्री वहीत मी पहिल्यांदा लाल पेनाने अधोरेखा मारली.

त्या वर्षी सगळ्यांनाच काही ना काही धडा मिळाला. ऑगस्टमध्ये नॉर्विचच्या टीमू पुक्कीने धडाका लावला होता. न्यूकॅसलविरुद्ध हॅटट्रिक, महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू. स्वस्तातला म्हणून आपल्या लीगमधल्या जवळपास प्रत्येकाने तो घेतला. हंगामाअखेर त्याचे गोल ११ भरले, पण जानेवारीनंतर एकही नाही, आणि नॉर्विच शेवटच्या क्रमांकावर राहून खाली गेलं. तरी डी विंगमधले एक काका त्याला शेवटपर्यंत काढायला तयार नव्हते. म्हणायचे, "गरजेला उभा राहिलाय तो. असा कसा काढू?"

दुसरा धडा धनत्रयोदशीच्या रात्रीचा. २५ ऑक्टोबर २०१९ ला लेस्टरने साउथॅम्प्टनला त्यांच्याच मैदानावर ९-० ने हरवलं. जेमी वार्डीचे तीन, अयोझे पेरेझचे तीन. आपल्याकडे रात्री साडेबाराला सामना सुरू झाला, म्हणून बहुतेक जण झोपले होते. सकाळीच एकमेकांचे फोन: "वार्डी होता का तुझ्याकडे?" मात्र खरी गंमत पुढे आहे. त्या रात्री नऊ गोल खाणाऱ्या साउथॅम्प्टनचाच डॅनी इंग्ज हंगामाअखेर २२ गोलांवर पोचला, वार्डीच्या २३ च्या फक्त एक मागे, आणि त्याचा संघ अकराव्या क्रमांकावर राहिला. एका रात्रीवरून कोणाला मोडीत काढू नये, असं मी वहीत तेव्हाच लिहून ठेवलं आहे.

तिसरा जानेवारीचा. लिव्हरपूल क्लब वर्ल्ड कपसाठी कतारला गेल्यामुळे त्यांचा एक सामना पुढे ढकलला होता, तो जानेवारीत आला आणि एकाच आठवड्यात त्यांचे दोन सामने झाले. त्या काळी वर्षातून एकदाच वापरता येत असलेला 'ट्रिपल कॅप्टन' अनेकांनी तेव्हाच काढला. ज्यांनी सादिओ मानेवर लावला त्यांचा घात झाला, कारण पहिल्याच सामन्यात वुल्व्ह्जविरुद्ध तो अर्ध्या तासात दुखापत होऊन बाहेर गेला. आमच्या मजल्यावर त्या रात्री एक दार जोरात आपटल्याचा आवाज आला होता. कोणाचं ते लिहीत नाही.

लीगमध्ये पुढे होती ए विंगमधली दहावीतली मुलगी. तिने सुरुवातीपासून मँचेस्टर सिटीचा केविन डी ब्रॉयन ठेवला होता आणि परीक्षेमुळे जानेवारीनंतर संघाला हातच लावला नव्हता. बाकी सगळे दर आठवड्याला बदल करून चार-चार गुण घालवत होते, आणि ती अभ्यास करत वर राहिली.

मग मार्च. ९ मार्चला होळी होती. त्या रात्री उशिरा लेस्टरने ॲस्टन व्हिलाला ४-० ने हरवलं. हा शेवटचा सामना ठरणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आर्सेनलचे प्रशिक्षक मिकेल आर्टेटा यांना करोना झाल्याचं १२ मार्चला कळलं आणि १३ मार्चला लीग थांबली. ९२ सामने शिल्लक होते. लिव्हरपूल पहिल्या नंबरावर इतकं पुढे होतं की नुसती औपचारिकता उरली होती, तरी विजेता घोषित करता येईना.

इकडे लोकल बंद झाल्या, मग लॉकडाऊन. आंतरराष्ट्रीय विमानं २२ मार्चपासून बंद. मुलगा शेफील्डमध्ये एका खोलीत, विद्यापीठ बंद, बरोबरची मुलं आपापल्या गावी गेलेली. तो म्हणाला होता तेच झालं. फोन करायचो आणि बोलायला काही नसायचं. जेवलास का? हो. काय केलंस? खिचडी. मग दोघं गप्प.

त्या गप्प बसण्यातूनच पुढचं सुचलं. शनिवारी डेडलाइनची वेळ, हिवाळ्यात पाच आणि उन्हाळ्यात चार, सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. चारही विंगमधली मुलं त्या ग्रुपवर होती. मुलाने तिकडून मेसेज टाकला, "मॅच नाहीत तर लिस्ट लावा." म्हणजे प्रत्येक विंगच्या मुलांनी आपल्या मजल्यांवरच्या एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना विचारायचं, भाजी, औषधं, दूध काय हवं, आणि शनिवारी चारच्या आत यादी ग्रुपवर टाकायची. चारनंतर आलेली मागणी पुढच्या खेपेला. गेटवर सामान उतरवून घ्यायचं, सॅनिटायझर मारायचा, दारात ठेवून बेल वाजवून मागे व्हायचं. ज्या सभासदांनी जुगार म्हणून हरकत घेतली होती त्यांची रक्तदाबाची गोळी जून अखेरपर्यंत लीगच्या यादीतून गेली. त्यांनी स्वतःच हे लिहायला सांगितलं आहे.

दुसरा प्रश्न पाकिटाचा होता. लीग अर्धवट राहिली तर बक्षीस कोणाला? तिकडेही हाच वाद चालू होता. हॉलंडने २४ एप्रिलला हंगाम विजेत्याविना संपवला. फ्रान्सने ३० एप्रिलला थांबवून पॅरिसच्या संघाला विजेता ठरवलं. आमच्या ग्रुपवर निम्मे हॉलंडवाले, निम्मे फ्रान्सवाले. इंग्लंडच्या खालच्या दोन श्रेणींनी पुढे ९ जूनला ठरवलं की झालेल्या सामन्यांच्या सरासरीवरून तक्ता लावायचा. हे कोणाला नीट समजेना, तेव्हा दहावीतल्या मुलीने एका ओळीत समजावलं: "माझ्या भूगोलासारखं." करोनामुळे त्या वर्षी दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला होता आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून गुण दिले जाणार होते. "मला सरासरी नको होती," ती म्हणाली. "भूगोल माझा सगळ्यात चांगला होता."

त्यावर ग्रुपवर कोणीच काही बोललं नाही. मग तिनेच सुचवलं की आपले दोन वॉचमन गाड्या बंद असल्याने केबिनमध्येच राहतायत, त्यांच्या घरी पैसे पाठवायला हवेत, पाकीट त्यांना द्या. ती पहिल्या नंबरावर होती, म्हणजे पैसे तिचेच होते. कोणी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. मी पाकीट फोडलं, पावती घेतली आणि वहीला चिकटवली. अजून आहे.

१७ जूनला लीग पुन्हा सुरू झाली. रिकामी मैदानं, शर्टावर खेळाडूंच्या नावाच्या जागी वर्णद्वेषाविरुद्धची घोषणा. फँटसीवाल्यांनी सगळ्यांना हवे तेवढे बदल फुकट दिले. पहिलाच सामना ॲस्टन व्हिला आणि आमच्या शेफील्डचा, आपल्याकडे रात्री साडेदहाला. मी इकडे, मुलगा तिकडे, फोन चालू ठेवून. शेफील्डची फ्री किक आली, व्हिलाचा गोलकीपर चेंडू हातात धरूनच रेषेच्या आत गेला. "आई, गोल!" पण पंचांच्या घड्याळावर इशाराच आला नाही. सात कॅमेरे, आणि सगळ्यांसमोर नेमके खेळाडू आणि खांब आले. नऊ हजारांहून जास्त सामन्यांत असं कधी झालं नव्हतं, असं यंत्रवाल्या कंपनीनेच माफी मागताना सांगितलं. सामना ०-० राहिला. मुलगा इतका चिडला, इतकं भडाभडा बोलला, की मी ऐकतच राहिले. तीन महिन्यांत तो पहिल्यांदा पाच मिनिटं सलग बोलला होता.

लिव्हरपूल २५ जूनला विजेतं ठरलं आणि ९९ गुणांवर थांबलं. शेवटचे दहाही सामने २६ जुलैला, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, रात्री साडेआठला एकाच वेळी. व्हिला एका गुणाने वाचली. त्या न दिलेल्या गोलाची किंमत तेव्हा कळली. डी ब्रॉयनने नॉर्विचविरुद्ध दोन गोल केले, २० असिस्टचा थिएरी ऑन्रीचा विक्रम गाठला आणि २५१ गुणांसह फँटसीत सर्व खेळाडूंत पहिला आला. जगभरातल्या ७५ लाखांहून जास्त संघांमध्ये पहिला आला तो जोशुआ बुल, ऑक्सफर्डमधला गणितज्ञ. आपल्या सोसायटीत पहिली आली ती दहावीतली मुलगी. बक्षिसाला पैसे नव्हतेच. अध्यक्षांनी तिला गेटवर, मास्क लावून, सहा फुटांवरून नारळ दिला. मी शेवटून दुसरी आले. माझ्या मागे पुक्कीवाले काका.

मुलगा ऑक्टोबरमध्ये घरी आला. चौदा दिवस आतल्या खोलीत होता, आणि दाराच्या अलीकडून-पलीकडून आम्ही नव्या हंगामाची टीम लावली. लंडस्ट्रम नव्या यादीत मिडफिल्डर झाला होता. कोणीतरी नोंद दुरुस्त केली.

लीग अजून चालू आहे. वर्गणी दोनशेच आहे, आणि त्या वर्षापासून निम्मी रक्कम दिवाळीत वॉचमन आणि सफाई कामगारांसाठी बाजूला काढतो. हा ठराव कुठल्याही सभेत झालेला नाही, पण वहीत लिहिलेला आहे. नव्या सभासदांनीही यावं. फुटबॉल कळायलाच पाहिजे असं नाही, मला अजून ऑफसाइड नीट कळत नाही. फक्त डेडलाइन पाळा.