रिकामी जीप आणि सिमेंटच्या दोन गोण्या

मागच्या गणपतीत आमचे बाबा वडखळला माझ्या जीपमधून उतरले आणि गावापर्यंत एसटीने गेले. भांडण वगैरे काही नाही. शांतपणे म्हणाले, "हौस तुझी आहे, तू ये घेऊन. माझी पाठ मी एसटीत घालतो." एसटी! ज्या जीपवर मी दोन बोनस उडवले, तिच्यापेक्षा लाल डबा आरामशीर! वडखळपासून गावापर्यंत मी एकटा, तोंड पाडून.

आता थोडं जीपबद्दल. सेकंड हँड, डिझेल, चारही चाकांना पाटे (म्हणजे लीफ स्प्रिंग. ट्रकखाली एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या दिसतात ना, त्या). घेतल्यावर सहा महिन्यांत मी ती तीन इंच उंच करून घेतली. पद्धत नेहमीचीच : प्रत्येक चाकाला एक जाड जादा पाटा, पाट्याच्या टोकाला लांब शॅकल, आणि मोठे टायर. दिसायला एकदम भारी. पण खारघरच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला आतली माणसं छताकडे निघायची. मग मी इंटरनेट वाचून महागडे गॅस शॉक बसवले. जीप आणखी कडक झाली.

गावी पोहोचल्यावर रात्री बाबा सहज बोलून गेले. त्यांची सगळी नोकरी सरकारी जीपमध्ये मागच्या बाकावर बसून गेली. म्हणाले, "अरे, रिकामी जीप उडतेच. आमचा ड्रायव्हर साइटवर जाताना मागे सिमेंटच्या दोन गोण्या टाकायचा. साहेब बसणार असले की आठवणीने."

तेव्हा मी हसलो. पण नंतर वाटलं, या दोन गोण्यांमध्ये जीपचा सगळा इतिहास आहे राव!

बघा, जीप मुळात बनली कोणासाठी? १९४० साली अमेरिकन लष्कराला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. बँटम, विलीज आणि फोर्ड या तीन कंपन्या त्या शर्यतीत उतरल्या. लष्कराच्या भाषेत ही 'पाव टनी' गाडी, म्हणजे तिची ओळखच वजन वाहण्यावरून. तिच्यात माणसं, दारूगोळा, वायरलेस भरायचे, मागे छोटी तोफ जोडायची आणि माळरानातून न्यायची. पाटे का निवडले? स्वस्त, कुठेही दुरुस्त होणारे, आणि आस जागेवर धरून ठेवायचं कामही तेच करतात. इंग्लंडमध्ये ओबडाया इलियटने १८०४च्या सुमारास घोडागाडीसाठी पाट्यांच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं, त्याच घराण्यातली ही वस्तू. पाठीच्या कण्याचा विचार या यादीत कुठे नव्हता.

युद्धाच्या काळात के. सी. महिंद्रा अमेरिकेत भारताच्या पुरवठा मिशनचे प्रमुख होते. तिथे त्यांनी जीप पाहिली. १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. विलीज जीपचे सुटे भाग बोटीने यायचे आणि आपल्या मुंबईत, माझगावला जोडले जायचे. पुढे इथेच बनू लागलेली सीजे-३बी (ते उंच बॉनेटवालं मॉडेल) अमेरिकेत १९६८ साली बंद झाली, पण आपल्याकडे त्यानंतरही कित्येक वर्षं बनत राहिली.

आणि आपण तिचं केलं काय? वडाप! सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्यांना सांगायला नको. मराठवाड्यात काळी-पिवळी. आत दहा, मागे लोंबकळणारे चार, टपावर कोंबड्यांची खुराडी. ड्रायव्हर स्वतः अर्धा दाराबाहेर. एवढा भार घ्यायचा तर आणखी एक पाटा वाढवायचा, हा आपल्या गॅरेजांचा पिढीजात उपाय. आणि गंमत म्हणजे भरलेलं वडाप फार आदळत नाही. जागेचे हाल होतात, पण हाडं खिळखिळी होत नाहीत.

याचं कारण बारावीच्या फिजिक्समध्ये आहे. स्प्रिंगवरची गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होते, ती तिची फ्रिक्वेन्सी. ढोबळ सूत्र असं : वरच्या वजनाने स्प्रिंग जितके सेंटीमीटर दबते, त्याचं वर्गमूळ काढा आणि ५ला त्याने भागा. २५ सेंमी दबली तर १ हर्ट्झ, सव्वासहा सेंमी दबली तर २ हर्ट्झ. माणसाला १ ते दीड हर्ट्झ बरं वाटतं, तो साधारण पाळण्याचा झोका. दोनच्या वर गेलं की आदळआपट. पाटे तेच ठेवून वरचं वजन चौपट केलं, तर फ्रिक्वेन्सी निम्मी होते. सिमेंटच्या गोण्या हेच करत होत्या.

कोणी म्हणेल, मग शॉक कशाला असतो? शॉक हे स्प्रिंगचं झोके खाणं थांबवतो. कडक स्प्रिंग मऊ करणं त्याच्या हातात नाही. मी नेमका तिथे पैसे घातले होते.

मग एका शनिवारी कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे गेलो. तिथे वजनकाट्यांना तोटा नाही. जीपची फक्त मागची चाकं काट्यावर घेतली. आस आणि चाकांचं अंदाजे वजन वजा करून मागच्या पाट्यांवर ४५० किलो भार निघाला. मग मागे ५० किलोच्या दोन गोण्या ठेवल्या (सिमेंट नाही, वाळू) आणि टेपने मोजलं. जीप जेमतेम १ सेंमी बसली. म्हणजे ४५० किलोला साडेचार सेंमी, म्हणजे साधारण २.३ हर्ट्झ. बाबांच्या पाठीचं म्हणणं आकड्यात आलं.

जवळच ट्रकचे पाटे करणारे एक चाचा आहेत. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, हा जो जाड पाटा टाकलाय ना, तो एकटाच सगळ्यांना भारी आहे." बरोबरच आहे. पाट्याची जाडी दुप्पट केली की कडकपणा आठपट होतो. शिवाय पाटे गंजून एकमेकांना चिकटले होते, त्यामुळे छोट्या खड्ड्याला ते हलतच नव्हते. लांब शॅकलमुळे स्टीअरिंगही भटकत होतं.

चाचांनी जादा पाटा आणि लांब शॅकल काढले, जुने पाटे साफ करून, ग्रीस लावून पुन्हा रचले, फाटलेले रबरी बुश बदलले. मी योग्य लांबीचे साधे शॉक घातले, टायर मूळ मापाचे केले आणि हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवली. आता दोन गोण्यांना जीप १.६ सेंमी बसते. म्हणजे सव्वासात सेंमीला थोडं कमी, म्हणजे १.९ हर्ट्झच्या आसपास. पाळणा नाही, पण माणसात आली.

आणि हो, तीन इंच गेले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा निकाल मी जीप उंच केल्यावर वाचला होता. कंपनीच्या मूळ रचनेत मनाने फेरफार चालत नाही. तेव्हा हे ओझंही उतरलं.

कंपन्यांनाही हा हिशोब मांडावाच लागला. २०१०च्या थारला पुढे टॉर्शन बार आले, तरी मागे पाटे होतेच. २०२०च्या नव्या थारला चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग. वडाप भरणारं गिऱ्हाईक गेलं आणि लॅपटॉपची बॅग घेऊन एकटं बसणारं, माझ्यासारखं आलं. बसणारा बदलला, म्हणून स्प्रिंग बदलली.

१९३० नंतरच्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली नावाचा इंजिनीअर वजनं इकडेतिकडे हलवता येणारी एक गाडी घेऊन प्रयोग करायचा. पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ हवी, हे त्याने त्यातून शोधलं. मोजायला धड उपकरण नव्हतं. आत बसलेल्याला कसं वाटतं, तेच मोजमाप. माझ्याकडे तसं उपकरण घरातच होतं. मी फक्त त्याचं ऐकत नव्हतो.

परवा दिवाळीला बाबांना घेऊन निघालो. पेण गेलं. वडखळ आलं. "थांबव रे," बाबा म्हणाले. माझ्या पोटात गोळा. ते उतरले, टपरीवर दोन कटिंग सांगितले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "गोण्या टाकल्यास की काय मागे?"