चार बोटांचे अंतर

या व्याख्यानमालेत संतवाङ्मयापासून अणुशक्तीपर्यंत अनेक विषयांचा ऊहापोह झालेला आहे. मोटारीचा टायर मडगार्डला का घासतो, हा विषय मात्र येथे बहुधा प्रथमच येत असावा. चालकांनी विषय विचारला तेव्हा मी तो सांगितला, आणि ते क्षणभर गप्प झाले. कामगार चळवळीतला माणूस. तो बोनसवर, महागाई भत्त्यावर, फार तर १९८२ च्या गिरणी संपावर बोलणार अशी त्यांची अपेक्षा. त्या विषयांवर मी तीस वर्षे बोलत आलो आहे. कामगार आठ तास काय करतो याचा इतिहास थोडाफार लिहिला गेला आहे. भोंगा झाल्यावर, स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या डोक्याने तो काय करतो, याची नोंद कोणी ठेवत नाही. ती एका ठिकाणी नीट पाहायला मिळते म्हणून हा विषय मी घेतला.

नववीत शाळा सुटली आणि १९८५ च्या सुमारास मी एका गॅरेजात हेल्पर म्हणून लागलो. एके दिवशी एका व्यापाऱ्याचा मुलगा आपली फियाट घेऊन आला. गाडी जमिनीला टेकल्यासारखी बसकी दिसली पाहिजे, एवढाच त्याचा हट्ट. उस्तादांनी पुढच्या दोन्ही स्प्रिंगांचा दीड-दीड वेढा कापला, मागच्या पाट्यांतून एकेक पाटा काढला. गाडी दिसायला खरोखर देखणी झाली. अर्ध्या तासाने मालक परत! मागे दोन मित्र बसवून पहिल्याच वळणावर टायर मडगार्डला घासला होता आणि रबराचा भुसा चाकाच्या घरात सांडला होता.

उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी मला आणि दुसऱ्या एका पोराला डिकीत बसवले, टायरच्या कडेला खडू फासला आणि गाडी हळूहळू फिरवली. खडू मडगार्डला कोठे लागला ते पाहिले. मग शेजारच्या घरून चक्क मुसळ मागवले. ते टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत आडवे घालून गाडी इंच इंच पुढेमागे ढकलायला लावली. मडगार्डची आतली धारदार कड वर दुमडत गेली. बाहेरच्या रंगाला फारसा ओरखडाही आला नाही. “टायर आणि पत्रा यांत चार बोटे पाहिजेत,” उस्ताद म्हणाले, “इथे दोनच आहेत, पण आता ती दोन तरी खरी आहेत.”

पुढे युनियनच्या कामात पडल्यावर रात्री जागून इंग्रजी शिकलो आणि मोटारींविषयी हाती लागेल ते वाचू लागलो. तेव्हा कळले की, अमेरिकेत हीच युक्ती बेसबॉलच्या बॅटीने करतात. माझ्या उस्तादांनी अमेरिका नकाशातही पाहिली नव्हती. मग गाड्या बसक्या करण्याचे हे वेड मुळात कोणाचे, ते शोधत मी लॉस एंजेलिस शहराच्या पूर्वभागात जाऊन पोहोचलो, अर्थात पुस्तकांतून.

कॅलिफोर्निया हा प्रांत १८४८ पर्यंत मेक्सिकोचा होता. युद्धानंतरच्या तहाने तो अमेरिकेकडे गेला, आणि तेथील मूळचे मेक्सिकन लोक आपल्याच गावात परके झाले. विसाव्या शतकात त्यांच्यात मजुरीसाठी आलेल्यांची भर पडली. दुसऱ्या महायुद्धात त्यांची मुले सैन्यात गेली. त्याच युद्धाच्या धामधुमीत, जून १९४३ मध्ये, ढगळ सूट घालणाऱ्या मेक्सिकन तरुणांना लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर गोऱ्या खलाशांनी मारहाण केली आणि कपडे फाडले. पोशाखावरून माणूस हेरायचा आणि त्याला रस्त्यावरून हुसकावायचे, ही रीत त्या शहराला अशी आधीपासूनच ठाऊक होती.

युद्ध संपले आणि जुन्या शेव्हर्लेट गाड्या मजुराच्या आवाक्यात आल्या. त्या काळच्या गोऱ्या तरुणांना वेगाचे वेड होते. इंजिन वाढवायचे आणि गाडी भन्नाट पिटाळायची. मेक्सिकन वस्तीतल्या तरुणांनी याच्या नेमके उलट केले. गाडी खाली आणायची, तिला आरशासारखी चमक द्यायची आणि रविवारी संध्याकाळी मुख्य रस्त्यावरून माणसाच्या चालीने न्यायची. ‘बाहितो इ सुआवेसितो’, म्हणजे खाली आणि सावकाश, हे त्यांचे स्पॅनिश ब्रीद. आठवडाभर ज्याला दुसऱ्याच्या घाईने पळावे लागते त्याला रविवारी हळू चालण्यातच ऐश्वर्य वाटावे, हे मला तरी सहज समजते. अशा गाड्यांना पुढे ‘लोरायडर’ हे नाव पडले, आणि त्यांच्या मालकांनाही तेच.

गाडी खाली आणायची कशी? पहिला उपाय फुकटचा : डिकीत वाळूची पोती. दुसरा, स्प्रिंगचे वेढे कापणे. तिसरा सर्वांत घातक. गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवायची की गाडीच्या वजनाने ती आपोआप बसते. परंतु पोलादाला दिलेले पाणी त्या ज्योतीने उतरते. मग ती स्प्रिंग उरत नाही, नुसती वाकडी सळई उरते. आज चार बोटे बसलेली गाडी महिन्याने सहा बोटे बसते. मागे पाटे असतील तर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालत. हा उपाय त्यांतल्या त्यात सभ्य. पाट्याची ताकद कायम राहते.

आणि येथेच घासण्याचा प्रश्न उभा राहतो. मोटार आखणारा इंजिनिअर चाकाभोवती रिकामी जागा सोडतो ती शोभेसाठी नव्हे. खड्ड्यात चाक वर उसळते, वळणावर पुढचे चाक तिरपे होते, माणसे बसली की मागचा भाग दबतो. या सर्व हालचालींचा हिशेब त्या रिकाम्या जागेत असतो. गाडी खाली आणणारा माणूस ती जागा खर्चून टाकतो. टायर वरच्या पत्र्याला लागतो, वळताना आतल्या बाजूला लागतो. मागचा ॲक्सल उसळून थेट चासीच्या दांड्यावर आदळतो. इंजिनाची ताकद मागे नेणारा लांब शाफ्ट गाडीच्या तळाला ठोकतो.

यातला एकेक प्रश्न त्या लोकांनी घरामागच्या अंगणात सोडवला. पत्र्याची कड दुमडली. चाके लहान घेतली. १४ इंची, पुढे १३ इंची, आणि त्यांवर ५.२० मापाचे अरुंद टायर, की गाडी खाली बसली तरी टायर मडगार्डच्या पोटात गुपचूप शिरावा. ॲक्सल आदळतो तेथे चासीच्या दांड्याला वरच्या अंगाने जागा करून दिली : खालून अर्धचंद्राकृती खाच कापायची, आणि कापल्याने आलेला कमकुवतपणा जाड पट्टी वेल्ड करून भरून काढायचा. मागची चाके झाकणारे पत्रे लावायचे असतील तर ॲक्सलच दोन्ही बाजूंनी आखूड करायचा. ॲक्सल कापून पुन्हा सरळ रेषेत जोडणे म्हणजे काय, हे ज्याने लेथवर काम केले आहे त्यालाच विचारावे. केसभर चूक झाली की बेअरिंग बोंबलते.

हे चालू असताना १९५८ साली कॅलिफोर्नियात एक कायदा अमलात आला. फेरफार केलेल्या गाडीचा कोणताही भाग चाकाच्या लोखंडी रिमच्या खालच्या कडेपेक्षा जमिनीला अधिक जवळ असता कामा नये, असे त्यात होते. आता कायद्याला न्याय द्यायचा तर या मापाला आधार आहे. टायर फुटला तर गाडी रिमवर उतरते. त्याहून खाली काही लोंबत असेल तर ते जमिनीवर घासणार आणि गाडी ताब्याबाहेर जाणार. पण कायदा कागदावर काय म्हणतो आणि रस्त्यावर कोणासाठी वापरला जातो, या दोन गोष्टी आम्ही युनियनवाल्यांनी कधीच एक धरलेल्या नाहीत. फॅक्टरी ॲक्ट तरी कारखान्यात सर्वांना सारखा कोठे लागतो? मेक्सिकन वस्तीत हा कायदा म्हणजे गाडी थांबवण्याचे आयते निमित्त झाले.

यावर तोड निघाली ती रॉन अगीरे नावाच्या तरुणाकडून. त्याच्या कॉर्व्हेट गाडीला, ती फार खाली आहे म्हणून, पोलिसांच्या नोटिसा येत. युद्धोत्तर कॅलिफोर्नियात विमानांचे भंगार विपुल होते. चाके आत घेणारे, पंखांचे पडदे हलवणारे तेलाच्या दाबाचे पंप जुन्या बाजारात मिळत. अगीरेने असे पेस्को कंपनीचे पंप आणि व्हॉल्व्ह घेऊन १९५९ साली ते आपल्या गाडीला बसवले. रचना ऐकायला सोपी आहे. विजेची मोटर पंप फिरवते, पंप तेल ढकलतो, स्प्रिंगपाशी बसवलेल्या सिलिंडरचा दट्ट्या पुढे सरकतो आणि गाडी उचलली जाते. व्हॉल्व्ह उघडला की तेल परत टाकीत आणि गाडी खाली. बटण बसणाऱ्याच्या हाताशी. पोलीस दिसला की गाडी कायद्याच्या उंचीवर. तो वळला की पुन्हा जमिनीशी.

गंमत म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मला त्यात दुसरेच दिसते. तोवरचे सारे उपाय रिकामी जागा कोठून तरी उसनी आणण्याचे होते. पत्र्यातून, टायरातून, चासीतून. अगीरेच्या पंपाने उंचीच बदलती केली. चालताना जागा हवी तर गाडी उचला, उभी असताना शोभा हवी तर खाली सोडा. पुढे इतरांनी मालाच्या ट्रकमागे फळी उचलणारे पंप वापरले, डिकीत बॅटऱ्यांची रांग मांडली, चारही चाके स्वतंत्र उचलता येतील अशी जोडणी केली. त्याबरोबर नवे प्रश्नही आले. गाडी फार उचलली की पुढची चाके फाकतात, शाफ्टचा कोन बिघडतो, धक्क्यांनी चासीला तडे जातात. मग चासीला पुन्हा पट्ट्या.

या लोकांची आवडती गाडी शेव्हर्लेट इम्पाला, विशेषतः १९५८ ते १९६४ ची. तिची चासी इंग्रजी एक्स अक्षरासारखी होती; दोन्ही दांडे मध्ये एकत्र येत, दारांखाली दांडा नसे. त्यामुळे ती जमिनीशी सपाट बसे. बाजूने धडक बसल्यास संरक्षण कमी, अशी त्या चासीवर टीका झाली आणि १९६५ पासून ती बदलली. कारखान्याने टाकलेली रचना मजुरांनी डोक्यावर घेतली, असा हा प्रकार.

आणि हे मजूर कोण? लॉस एंजेलिसच्या परिसरात तेव्हा मोटारींचे मोठे कारखाने होते. जनरल मोटर्सचा साउथ गेटचा कारखाना १९८२ साली बंद झाला. १९४७ साली सुरू झालेला व्हॅन नाइसचा कारखाना तेथील युनियनने आणि वस्त्यांनी एकत्र येऊन, बहिष्काराची धमकी देऊन, दहा वर्षे वाचवला. १९९२ साली तोही गेला. तेथले निम्म्याच्या आसपास कामगार मेक्सिकन आणि इतर लॅटिन वंशाचे होते. दिवसा पट्ट्यावर मिनिटामिनिटाला एक गाडी पुढे सरकायची. त्यात कामगाराच्या वाट्याला चार बोल्ट. अशा माणसाने रात्री दिव्याखाली एक अख्खी गाडी सुटी करून पुन्हा जोडली तर त्याला छंद म्हणावे की आणखी काही?

सर्वच गोड होते असे मी म्हणत नाही. गाडीवर ओतलेला पैसा घरातून गेलेला असतो, आणि नवऱ्याची गाडी धुऊन पुसून चकचकीत, पण घराचे भाडे थकलेले, असे संसार मी आपल्याकडेही पाहिले आहेत. क्लबाक्लबांत भांडणेही होत. परंतु याच क्लबांनी दुसरे कामही केले. रुएलास बंधूंनी १९६२ साली स्थापलेल्या ‘ड्यूक्स’ क्लबाने सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेसाठी निधी उभारायला हात लावला. १९६५ ते १९७० असा पाच वर्षे चाललेला द्राक्षमळ्यांचा संप ज्यांना ठाऊक आहे त्यांना या मदतीचे मोल सांगायला नको. संप भाषणांवर चालत नाही. पिठाच्या पोत्यांवर चालतो.

व्हिटियर बुलेव्हार हा त्यांचा रस्ता. २९ ऑगस्ट १९७० रोजी व्हिएतनाम युद्धाविरुद्धचा मेक्सिकन जनतेचा मोठा मोर्चा याच भागात निघाला. पोलिसांनी तो मोडला, आणि याच रस्त्यावरच्या एका मद्यगृहात पत्रकार रुबेन सालाझार अश्रुधुराच्या नळकांड्याने ठार झाले. त्यानंतरच्या वर्षांत रविवारच्या फेऱ्यांवर बंदोबस्त वाढत गेला. १९८० च्या दशकात आणि पुढे अनेक शहरांनी ठरावीक रस्त्यावरून वारंवार गाडी फिरवणे हाच गुन्हा ठरवला. सॅन होजे शहरात तशी बंदी आली. याच शहरात तीन तरुणांनी १९७७ साली ‘लोरायडर’ मासिक सुरू केले होते. नॅशनल सिटीने १९९२ साली बंदी घातली.

एकीकडे बंदी आणि दुसरीकडे मानसन्मान, असा विचित्र काळ गेला. हेसुस वालादेस यांची गुलाबांनी रंगवलेली ‘जिप्सी रोज’ ही १९६४ ची इम्पाला २०१७ साली राष्ट्राच्या ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत गेली आणि वॉशिंग्टनमध्ये काचेच्या पेटीत मांडली गेली. तीच गाडी त्याच वर्षी आपल्या राज्यातल्या कित्येक रस्त्यांवर दोनदा फिरवली असती तर चालकाला दंड झाला असता.

मंडळींनी अर्ज केले, सभा घेतल्या, नगरपालिकांत जाऊन बसले. २०२२ साली सॅन होजेने आणि पुढच्या वर्षी नॅशनल सिटीने बंदी उठवली. त्याच वर्षी डेव्हिड अल्वारेझ यांनी राज्याच्या विधिमंडळात मांडलेले विधेयक संमत झाले, ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरांची सही झाली, आणि १ जानेवारी २०२४ पासून अशा फेऱ्यांवर बंदी घालण्याचा शहरांचा अधिकार गेला. त्याच विधेयकाने रिमच्या उंचीचा तो जुना नियमही रद्द केला.

सभेनंतर कोणी तरुण विचारतीलच, म्हणून सांगून ठेवतो : आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली नोंदणीच्या कागदाशी न जुळणारा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ते पुन्हा स्पष्ट केले आहे. त्या फियाटच्या मालकाला कायद्याने मात्र कधी अडवले नाही. दोन महिन्यांनी पावसाळ्यात खड्ड्यांना कंटाळून तोच आला आणि स्प्रिंगा पूर्वीच्या घाला म्हणाला. उस्तादांनी नव्या स्प्रिंगा बसवल्या, पाटे परत चढवले. मडगार्डची कड तेवढी दुमडलेलीच राहिली. मुसळाने वर गेलेला पत्रा खाली आणण्याची युक्ती त्यांना ठाऊक नव्हती, आणि मला अजून ती सापडलेली नाही.