पतंगांच्या नोंदी आणि पर्वताचा इतिहास : किनाबालू, १९६५ ते २००७

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी व दप्तरे डोळ्यांसमोर येतात. संग्रहालयाच्या पेटीत टाचणीने टोचून ठेवलेला पतंग हेही असे साधन ठरू शकते. मात्र तो कोठे, केव्हा व किती उंचीवर मिळाला याची नोंद त्यासोबत असावी लागते. बोर्निओ बेटावरील किनाबालू पर्वतावर झालेल्या दोन पाहण्यांच्या आधारे प्रस्तुत निबंधात या विधानाचा विचार केला आहे.

पर्वतावरील अधिवास

मलेशियाच्या साबा राज्यातील किनाबालूची उंची ४,०९५ मीटर आहे. पायथ्याशी उंच वृक्षांचे सदाहरित वन, त्यावर ओक व चेस्टनट यांच्या कुळातील वृक्षांचे वन, पुढे शेवाळाने आच्छादलेले मेघारण्य, नंतर खुरटी झाडी आणि माथ्यावर ग्रॅनाइटचा उघडा कातळ, असा अधिवासांचा क्रम आढळतो. दर १०० मीटर चढणीस तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरते. अनेक पतंगांच्या अळ्या ठरावीक वनस्पतींवरच पोसल्या जातात. त्यामुळे तापमान व वनस्पती या दोहोंनी प्रत्येक जातीचा पट्टा आखला जातो.

दोन पाहण्या

१९६५ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या मोहिमेने या पर्वतावर निरनिराळ्या उंचींवर प्रकाश-सापळे लावून पतंग गोळा केले. जेरेमी हॉलोवे व हेन्री बार्लो हे तिचे सदस्य होते. जातींची ओळख व त्यांचे वितरण हा त्यांचा विषय होता. हवामानबदलाचा प्रश्न त्यांच्यासमोर नव्हता. २००७ मध्ये आय-चिंग चेन व सहकाऱ्यांनी जुन्या छायाचित्रांच्या साहाय्याने तीच ठिकाणे शोधून पाहणी पुन्हा केली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जिओमेट्रिडी कुळातील १०२ जाती ४२ वर्षांत सरासरी ६७ मीटर वर सरकल्या होत्या. हॉलोवे व बार्लो या निबंधाचेही सहलेखक होते.

अन्वयार्थ

किनाबालू उद्यान १९६४ मध्येच स्थापन झाले असल्याने या मार्गावरील बदलाचे कारण म्हणून जंगलतोड गौण ठरते. तापमानवाढ अधिक संभवनीय वाटते. तथापि, दोनच पाहण्यांवरून मधल्या वर्षांतील चढउतार समजत नाहीत. शिवाय सरासरीआड जातीजातींतील भेद झाकले जातात. पट्ट्याची खालची व वरची सीमा सारख्याच प्रमाणात सरकली नाही, हे २०११ च्या विश्लेषणातून पुढे आले. माथ्याकडे झाडी संपून कातळ लागतो. तेथील जातींना वर सरकण्यास जागा उरत नाही.

निष्कर्ष

केवळ पर्वताचे नाव लिहिलेली चिठ्ठी जातीचे अस्तित्व सांगते, तिचे स्थलांतर सांगत नाही. १९६५ च्या नोंदींत उंची व पद्धती नमूद होत्या, म्हणूनच त्यांना पुढील पिढीच्या प्रश्नाचे उत्तर देता आले. महाविद्यालयीन संग्रहांतील नमुन्यांवर उंची, दिनांक व संकलनाची पद्धत लिहिण्याचे महत्त्व यावरून स्पष्ट होते. आज न लिहिलेली उंची उद्याच्या अभ्यासकास कोणत्याही उपकरणाने परत मिळवता येणार नाही.